लाल पापण्यांचा पाडवा

जगातली सगळी माणसं आणि सगळी मेंढरं खालच्या पापणीच्या आतल्या रंगावरून पाच प्रकारांत मोडतात, सहावा प्रकार देवानं केलेला नाही, असं ठामपणे मानणारा माणूस अख्ख्या नगर जिल्ह्यात एकच असेल, आणि तो माझा थोरला साडू आहे. माणूस दारात आला की 'या, बसा' म्हणायच्या आधी ते उजव्या हाताचा अंगठा त्याच्या डोळ्याखाली टेकवतात, पापणी हलकेच खाली ओढतात, आत डोकावतात आणि नंबर सांगतात. एक म्हणजे लालबुंद, पाच म्हणजे पांढरीफटक. पारनेरमध्ये त्यांच्या गल्लीत नवीन आलेला पोस्टमन पहिल्या दिवशी घाबरून पत्र न देताच निघून गेला होता. आता तो सायकल लावतानाच चष्मा काढून ठेवतो. नात्यातल्या एका लग्नात सीमांतपूजनाला साडूंनी नवरदेवाची पापणी ओढली आणि भरल्या मांडवात 'तीन' असं जाहीर केलं. मुलाकडची मंडळी जेवणापर्यंत रुसून बसली. साडूंना त्यांच्या रुसव्याचं काही नव्हतं. त्यांनी पंगतीत स्वतः वाढायला घेतलं आणि नवरदेवाच्या पानात मेथीची भाजी इतक्या वेळा वाढली, की त्याला जिलबीपर्यंत पोचताच आलं नाही.

त्यांचा अंदाज नेहमी बरोबर येतो असं मात्र नाही. आमच्या दैनिकाचे संपादक एकदा एका कार्यक्रमासाठी पारनेरला आले, तेव्हा मी त्यांना चहाला साडूंकडे नेलं. साडूंनी पापणी ओढली आणि आनंदानं ओरडले, "एक नंबर! असं रक्त या तालुक्यात बघितलं नाही मी." संपादक खूश झाले आणि पुढे महिनाभर ही गोष्ट कचेरीत सांगत राहिले. खरी गोष्ट अशी होती, की आदल्या रात्री निवडणुकीच्या निकालांमुळे ते पहाटेपर्यंत जागे होते आणि जागरणानं त्यांचे डोळे तांबारलेले होते. हे मी साडूंना सांगितलं तेव्हा ते शांतपणे म्हणाले, "लाल ते लाल. कारण शोधायचं काम तुमचं, पत्रकार." ते मला नावानं कधी हाक मारत नाहीत. हे वाक्य पुढे एका पाडव्याला त्यांच्याच अंगावर आलं. त्या पाडव्याचीच ही हकिगत आहे.

साडू सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात पशुधन पर्यवेक्षक होते. नोकरी संपली, काम संपलं नाही. आयुष्यभर त्यांनी एकाच शत्रूशी दावा मांडला आहे, आणि तो शत्रू शिवणाच्या दोऱ्याएवढा आहे. मेंढीच्या चौथ्या पोटात राहणारा, रक्त पिणारा जंत. त्याच्या अंगावर लाल आणि पांढरा असा पीळ असतो, साडीच्या काठासारखा. तो दिसायला सुंदर आहे हे साडू प्रामाणिकपणे मान्य करतात. त्यांच्या दिवाणखान्यातल्या काचेच्या कपाटात, मुलींच्या बक्षिसांच्या कपांशेजारी, औषधात बुडवलेल्या अशा जंतांची एक बाटली आहे. एका पाहुणीनं त्या रंगीत शेवया समजून 'या कुठं मिळतात हो?' असं विचारलं होतं. साडूंनी तिला खरोखरच पत्ता सांगितला: "पठारावर, ओल्या गवतात, सकाळी नऊच्या आत." जंताची पिल्लं दवाच्या ओलाव्यानं गवताच्या टोकाला चढतात आणि मेंढरू ते गवत खातं, म्हणून दव वाळल्याशिवाय मेंढरं सोडू नयेत, हा त्यांचा नियम. तो त्यांनी हळूहळू माणसांनाही लावला. सकाळी मैदानावर हिरवळीवर बसून प्राणायाम करणाऱ्या ज्येष्ठ नागरिकांना ते रोज उठवून फरशीवर बसवतात. "आम्ही काय गवत खातो का?" असं त्यातल्या एका निवृत्त मुख्याध्यापकांनी विचारलं. "आज नाही खात," साडू म्हणाले. "सवय कशाला लावून घ्यायची?"

पण या सगळ्यावर कडी म्हणजे त्यांच्या घरातला फ्रिज. त्यातला मधला कप्पा रिकामा असतो. कोथिंबिरीची जुडी खालच्या भाजीत कोंबलेली, दुधाचं पातेलं वरच्या जाळीवर तिरकं, ताकाचा तांब्या दारात कसाबसा, आणि मधे सबंध कप्पा मोकळा, पुसून लख्ख. तो लसीसाठी राखलेला आहे. कुठल्या लसीसाठी? या जंताच्या. परदेशात मेंढरांना या जंताविरुद्ध टोचायची लस निघाली आहे, हे साडूंनी नोकरीत असताना वाचलं आणि त्या दिवशी घरी येऊन कप्पा रिकामा केला. आपल्याकडे ती लस मिळत नाही. देवीची आहे, आंत्रविषाराची आहे, जंताची नाही. ती केव्हा येईल हे कुणालाच माहीत नाही. त्यांची बायको, म्हणजे माझ्या बायकोची थोरली बहीण, जिला मीही ताईच म्हणतो, सुरुवातीला भांडली, मग रडली, आता दिवाळीतलं श्रीखंड शेजाऱ्यांच्या फ्रिजमध्ये ठेवते. "अहो, येईल तेव्हा करू की जागा," ती एकदा म्हणाली. साडू म्हणाले, "लस आल्यावर थंड जागा शोधत बसणारा माणूस लस टोचायच्या लायकीचा नसतो."

लस नाही तोवर औषध पाजायचं, आणि औषध पाजायच्या पद्धतीवरून साडूंचं निम्म्या तालुक्याशी बिनसलेलं. मेंढपाळांची रीत अशी, की औषध आणलं की वाड्यातल्या एकूण एक मेंढराच्या नरड्यात ओतायचं. साडू सांगत, सगळ्यांना पाजू नका. सगळ्यांना पाजलं की औषधाला दाद न देणारे तेवढेच जंत उरतात, त्यांचीच पिलावळ वाढते, आणि मग औषध म्हणजे नुसतं पाणी. पापणी बघा. चार-पाच नंबरवाल्यांना पाजा, बाकीच्यांना सोडून द्या. हे ऐकून लोक मान डोलवत आणि घरी जाऊन सगळ्यांना पाजत.

कान्हूर पठाराच्या अलीकडे माळावर पावसाळ्यात मेंढपाळांचा एक वाडा, म्हणजे तळ, पडतो. त्या वाड्याची मालकीण म्हणजे आक्का. तिचा मुलगा, सून आणि एक म्हातारं घोडं एवढा तिचा संसार, आणि मेंढरं. नवरा गेल्यावर तिनं वाडा मोडला नाही, उलट वाढवला. त्या पावसाळ्यात तिच्या वाड्यात मेंढरं बसायला लागली. सकाळी उठलेलं मेंढरू दुपारी बसे, हनुवटीखाली पाण्याची पिशवी लोंबे, आणि दोन दिवसांत ते संपे. औषध दोनदा पाजून झालं होतं, सगळ्यांना. काही फरक नव्हता. तेव्हा तिनं साडूंना निरोप धाडला. दिवाळीच्या सुट्टीच्या पुरवणीसाठी मला पठारावरचं काहीतरी हवं होतं, म्हणून मी त्यांच्या स्कूटरवर मागे बसून गेलो आणि त्यांचं बोलणं पहिल्यापासून ऐकलं.

"आंत्रविषाराला सुई हाय, देवीला सुई हाय, मंग ह्यालाच का न्हाई वं, डाक्टर?" आक्कानं पहिलाच प्रश्न नेमका दुखऱ्या जागी विचारला.

"येईल," साडू म्हणाले. "कप्पा तयार आहे." आक्काला कप्पा कसला ते कळलं नाही, पण तिनं विचारलंही नाही. मग साडूंनी आपली पद्धत सांगितली. ऐकता ऐकता आक्काचा चेहरा बदलत गेला.

"म्हंजी एकाच पंगतीला बशिवलेल्या दोघास्नी, एकाला वाढायचं अन् दुसऱ्याची पत्रावळ कोरी ठिवायची? आमच्यात न्हाई चालत तसलं. म्हातारा गेल्यापासनं मी कुना मेंढरात डावंउजवं केलं न्हाई."

"आक्का, हे जेवण नाही, औषध आहे. तुमच्या मुलाला ताप आला तर गोळी सुनेलापण देता काय?"

"सुनंला देत न्हाई," आक्का म्हणाली, "पन सून मेल्यावर मी काय तुमाला इचारायला येनार न्हाई. मेंढरू मेलं तर येनार."

सून चुलीपाशी होती, ती तोंडाला पदर लावून हसली. साडू हसले नाहीत. त्यांनी समोरचा चहाचा कप उचलला. इथं हे सांगायला हवं, की साडूंना साखरेचा त्रास आहे आणि घरी ताई त्यांना चमचाभरही साखर दिसू देत नाही. आक्काच्या वाड्यावरचा शेळीच्या दुधाचा, पाकासारखा गोड चहा हा त्यांच्या आयुष्यातला एकमेव गोड चहा आहे, आणि तालुकाभर हिंडताना त्यांची वाट वळून वळून त्या माळावर का येते याचं ते अर्धं कारण आहे. तो कप हातात धरून ते म्हणाले, "ज्याला मी सोडून द्या म्हणेन, त्यातलं एक जरी जंतानं मेलं, तरी तुमच्या वाड्यावरचा चहा मला बंद. जन्मभर."

आक्कानं त्यांच्याकडे बराच वेळ बघितलं. "बगा हां," ती म्हणाली. "शपत मोटी घेतली तुमी."

तिनं ऐकलं ते पटलं म्हणून नाही. तिच्याकडे दुसरा उपाय उरला नव्हता. साडूंनी नवं औषध आणलं, एकेक मेंढरू धरलं, पापणी ओढली, शर्टाच्या खिशातलं पाच रंगांचं कार्ड डोळ्याशेजारी धरून नंबर ठरवला, आणि फिक्यांना तेवढं पाजलं. दर पंधरवड्याला ते हे करत राहिले. पाऊस असो, चिखल असो, घरी पाहुणे असोत. ताईच्या बहिणीच्या मुलीला, म्हणजे माझ्याच मुलीला, बघायला मंडळी आली त्या दिवशीही ते माळावर होते. मेंढरं बसायची थांबली. दसऱ्यापर्यंत आक्काच्या वाड्यात एकही मेंढरू दगावलं नव्हतं, आणि शेजारच्या वाड्यांवरून लोक पापण्या बघायला येऊ लागले होते. साडूंचं पाऊल जमिनीला लागत नव्हतं.

पाडव्याला मेंढरं धुवायची, हुरमुंजीनं रंगवायची, पुजायची, आणि दुसऱ्या दिवशी उजाडायच्या आत कोकणाच्या वाटेला लागायचं, हा त्या वाड्याचा शिरस्ता. निघण्याआधी शेवटची तपासणी करायची असं साडूंनी ठरवलं होतं, कारण फिकं मेंढरू जागेवर चरत राहिलं तर काही दिवस काढतं, पण चालवलं तर वाटेत बसतं, आणि घाटात बसलेलं मेंढरू सहसा उठत नाही. आम्ही दिवाळीला पारनेरलाच होतो. मी पुन्हा स्कूटरवर मागे बसलो.

माळावर धमाल होती. घमेल्यात तेलात कालवलेली लाल हुरमुंजी, रंगवायला आक्का, मुलगा, सून, तिघांचे हात कोपरापर्यंत लाल. आक्कानं साडूंना पुढे बोलावलं. "पैला पट्टा तुमी वढा, डाक्टर. औंदा ही उबी हायेत ती तुमच्यामुळं." ओवाळणीचं तबक तयार होतं. मी साडूंना कुठल्या सत्काराला गहिवरताना पाहिलेलं नाही. निवृत्तीच्या समारंभात त्यांनी अध्यक्षांची पापणी ओढली होती. पण इथं ते पापणी ओढायचं विसरले. त्यांनी घमेल्यात हात घातला आणि पुढच्या मेंढ्याच्या पाठीवर मानेपासून शेपटीपर्यंत एक लांब पट्टा ओढला. मग शेजारच्या मेंढीच्या कपाळावर टिळा लावला. तिचा एक कान मधोमध फाटलेला होता आणि ती आक्काच्या मागेमागे कुत्र्यासारखी फिरत असे. आक्का तिला कानफाटी म्हणे. "ही तुमची राणी," साडू म्हणाले. आक्कानं त्यांना ओवाळलं.

हात पोत्याला पुसून ते कामाला लागले. मेंढरांना कोंडायच्या जाळीला एक फट ठेवली आणि मुलगा एकेक मेंढरू पुढे सारू लागला. साडू अंगठ्यानं पापणी ओढत आणि ओरडत, "एक! एक! दोन! एक!" मी म्हणालो, "कार्ड?" ते म्हणाले, "हात रंगाचे आहेत, कार्ड खराब होईल. आणि आता कार्ड कशाला? इतकं लाल काय कार्डावर बघायचं?" मुलाला चेव आला. प्रत्येक मेंढराच्या पाठीवर थाप मारून तो म्हणे, "पास! म्होरं चल!" कानफाटी आली. "एक!" साडू ओरडले. "बघा राणी!" शेवटचं मेंढरू गेल्यावर त्यांनी औषधाची बाटली न उघडताच पेटीत ठेवली. "आक्का, एकालाही नको. खुशाल न्या. असं खिल्लार या पठारावर नाही." दोन कप चहा पिऊन आम्ही निघालो. वाटेत ते गात होते. त्यांना गाता येत नाही, पण त्या दिवशी त्याचं काही वाटलं नाही.

संध्याकाळी घरी पाडव्याचं ओवाळणं होतं. साडूंनी अंघोळ केली, साबण लावून हात धुतले, नवा सदरा घालून पाटावर बसले. ताईनं नवी साडी नेसली होती. तिनं त्यांना कुंकू लावलं, अक्षता लावल्या आणि निरांजन उचलण्यासाठी वाकली. तिचा चेहरा जवळ आला, आणि त्यांचा अंगठा सवयीनं वर गेला. ताई लग्नाच्या दिवसापासून चार नंबर. बीट, खजूर, हळिवाचे लाडू, लोखंडी कढईतली भाजी, सगळं करून झालं, चाराची तीन कधी झाली नव्हती. साडूंनी पापणी ओढली आणि त्यांचा चेहरा उजळला.

"अगं, तू एक!"

"काहीतरीच," ताई म्हणाली. "मला जन्मात कुणी एक म्हटलं नाही. आणि डोळ्यात काय घातलंत? चुरचुरतंय." तिनं पदरानं डोळा पुसला. नव्या साडीच्या पदरावर तांबडा डाग उमटला. "अहो! साडी!"

साडूंनी पदराकडे बघितलं. मग स्वतःच्या अंगठ्याकडे बघितलं. तेलातली हुरमुंजी साबणाला दाद देत नाही. नखाच्या कडेनं आणि अंगठ्याच्या रेघारेघांतून ती तशीच बसलेली होती. "पत्रकार, इकडे या," ते म्हणाले. डाव्या अंगठ्यानं त्यांनी माझी पापणी ओढली. "दोन." मग उजव्या अंगठ्यानं. "एक." निरांजन तसंच जळत होतं. ताई ताट धरून उभी होती. साडू पाटावर बसल्या जागी लहान झाल्यासारखे दिसले.

"काल जी फिकी असतील ती आज सगळी माझ्या अंगठ्यानं लाल झाली," ते म्हणाले. "आणि मी एकालाही औषध दिलं नाही. आणि उद्या ती चालणार."

आक्काच्या मुलाचा मोबाईल बंद होता. त्याला चार्जिंग मिळतं ते वाटेवरच्या दुकानांत. तेव्हाच स्कूटर काढायचा विचार साडूंनी केला आणि सोडून दिला: "बॅटरीच्या उजेडात रंग कळत नाही. सूर्य पाहिजे." मग ते ताईकडे वळले. "ओवाळ," ते म्हणाले. "तेवढं तरी नीट होऊ दे."

उजाडताना आम्ही माळावर पोचलो तेव्हा तिथं चुलीचे तीन दगड, ओली राख आणि लेंड्या होत्या. आक्काची भाऊबीज दरवर्षी वाटेतच होते. टाकळी ढोकेश्वरच्या बाजूला तिच्या भावाचं शेत आहे, पहिला मुक्काम तिथं पडतो, एवढं माहीत होतं. साडूंनी स्कूटर तिकडे घातली. रस्त्यात एका टपरीवर त्यांनी विचारलं, "लाल मेंढरं गेली का हो इकडून?" टपरीवाला म्हणाला, "आज कुनाची मेंढरं लाल न्हाईत ते सांगा." त्याचं खरं होतं. पठारावरचे सगळे वाडे त्याच दिवशी हलले होते. पहिला कळप दिसल्याबरोबर साडू स्कूटरवरून उतरले आणि धावत जाऊन मेंढरांच्या पापण्या ओढू लागले. दोन-चार झाल्यावर एक फेटेवाला काठी घेऊन आला. "ओ पावनं, काय शोदताय त्येंच्या डोळ्यांत?" कळप दुसऱ्याचा होता. साडूंनी क्षमा मागितली, आणि निघता निघता म्हणाले, "तेवढं ते काळ्या तोंडाचं चार नंबर आहे. त्याला औषध द्या."

आक्का पुढच्या वळणावर भेटली. डोक्यावर पाटी, हातात काठी, मागे मेंढरांचा लाल लोंढा. साडूंना बघून ती थांबली. "काय इसरलं, डाक्टर?"

मी कितीतरी पुढाऱ्यांचे खुलासे ऐकले आहेत. गैरसमज झाला, वाक्य मोडून छापलं, परिस्थितीच तशी होती. साडूंनी यातलं काही वापरलं नाही. ते म्हणाले, "आक्का, काल मी तुमची मेंढरं तपासलीच नाहीत. माझा अंगठा तपासला." आणि त्यांनी अंगठा पुढे केला.

आक्कानं अंगठा बघितला, मग मेंढरांच्या लाल पाठी बघितल्या. मुलगा म्हणाला, "म्हंजी ही नापास?"

"तू गप," आक्का म्हणाली. मग साडूंना, "एक-एक म्हनून वरडत हुता, ते हे?"

"हेच."

"मंग आमी ववाळलं ते माघारी द्या." तिचा आवाज चढला नव्हता, पण त्यात थट्टाही नव्हती. "पाय उचलल्यावर आमी माघारी वळत न्हाई. रीत न्हाई ती."

"मागं नकोच," साडू म्हणाले. "तुम्ही पुढं चाला. मी येतो." त्यांनी औषधाची पेटी खांद्यावर घेतली, स्कूटर माझ्या हवाली केली आणि मेंढरांच्या धुळीत चालू लागले. त्यांचं वय आणि गुडघे मला माहीत होते. मी दोनदा म्हणालो, मागे बसा. त्यांनी मागे वळून बघितलं नाही.

भावाच्या शेतात मेंढरं थांबल्यावर साडूंनी आधी रॉकेल मागितलं, मग राख, मग साबण. सून पाणी घालत होती. हात धुऊन ते उठले तशी आक्का समोर आली. "दाकवा अंगठा." तिनं तो उन्हात धरला, उलटासुलटा फिरवला, नखाखाली बघितलं. "न्हाई. अजून हाय." साडू निमूट परत खाली बसले. दुसऱ्यांदाही तिनं परत पाठवलं. तिसऱ्यांदा अंगठा सोलल्यासारखा पांढरा झाल्यावर ती म्हणाली, "आता पास."

मेंढरांच्या डोळ्यांतला रंग एव्हाना डोळ्यांतून गळणाऱ्या पाण्याबरोबर वाहून गेला होता. साडूंनी कार्ड काढलं आणि पहिल्या मेंढरापासून सुरुवात केली. या वेळी कुणी ओरडत नव्हतं. ते हळू आवाजात नंबर सांगत आणि आक्का प्रत्येक वेळी स्वतः वाकून कार्ड आणि डोळा ताडून बघे. बहुतेक दोन-तीन नंबरची होती. चार नंबरचं निघालं की साडू औषध पाजत. उन्हं कलायला आली तेव्हा कानफाटी पुढे आली. साडूंनी पापणी ओढली. आत कागदासारखं पांढरं होतं. कार्ड धरायची गरज नव्हती, तरी त्यांनी ते धरलं. कपाळावर त्यांनीच लावलेला टिळा अजून तसाच होता.

"पाच," ते म्हणाले.

आक्कानं कानफाटीच्या मानेखाली हात घातला आणि डोकं वर उचलून धरलं. साडूंनी औषध पाजलं, घोटाघोटानं, ठसका न लागू देता. "हिला चार दिवस चालवू नका."

"चार दिस कोन थांबंल? धाकटं कोकरू न्हाई की घोड्यावर घालीन," आक्का म्हणाली. "बगू. भावाचा टेम्पो मिळतो का बगू घाटापतुर."

सून चहा घेऊन आली. साडूंनी कपाकडे बघितलं. सकाळपासून त्यांच्या पोटात काही नव्हतं. "आता नाही," ते म्हणाले. "ही सगळी माघारी आली की."

त्या हिवाळ्यात साडू पूर्वीसारखेच होते, पण कुणाची पापणी ओढायच्या आधी मोरीवर जाऊन अंगठा धुऊन येत. पोस्टमनला तेवढा वेळ दारात थांबावं लागे. कोकणातून फोन येई तेव्हा मुलगा 'समदं बरं हाय' म्हणे. साडू नंबर विचारत, तो हसे आणि फोन कट होई.

वैशाख सरताना वाडा माळावर परतल्याचं कळलं, तसे आम्ही गेलो. आक्का उन्हानं काळवंडली होती. साडूंना बघताच ती म्हणाली, "या डाक्टर. एकबी न्हाई मेलं. समदी माघारी आली. बसा, च्या टाकलाय." साडू बसले नाहीत. ते आधी मेंढरांत शिरले. पापण्या बघत, पाठीवर हात फिरवत, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत गेले आणि त्याच वाटेनं परत आले. त्यांना इतका वेळ का लागतोय हे आक्का चुलीपाशी उभी राहून बघत होती. मग ते येऊन घोंगडीवर बसले, कप घेतला आणि सगळा चहा प्यायले. दुसरा दिला, तोही प्यायले. आक्का म्हणाली, "साकर बराबर हाय न्हवं?" ते म्हणाले, "बरोबर आहे."

परतताना माळ संपल्यावर त्यांनी स्कूटर बाजूला घेतली.

"कानफाटी नव्हती," ते म्हणाले.

"विकली असेल," मी म्हणालो.

"आक्का तिला विकेल?" ते म्हणाले, "घाटात बसली असेल. चार दिवस थांबता आलं नसेल त्यांना."

मला त्यांची शपथ आठवली. ती मी ऐकली होती. "मग चहा का घेतलात?"

"मेंढरात डावंउजवं न करणारी बाई, पत्रकार. माझ्यासाठी खोटं बोलली. तो चहा टाकून देऊ?" त्यांनी किक मारली.

घरी आलो तेव्हा ताईला आम्ही इतक्या लवकर येऊ असं वाटलं नव्हतं. फ्रिजच्या मधल्या कप्प्यात आमरसाचं पातेलं होतं. साडूंनी दार उघडलं आणि ते तसेच उभे राहिले. ताई हात पुसत बोलणी खायच्या तयारीनं आली. त्यांनी पातेलं उचलून वरच्या जाळीवर तिरकं बसवलं, फडकं ओलं करून कप्पा पुसला, मग कोरड्या फडक्यानं परत पुसला.

"अहो, कधी येणार आहे ती?" ताईनं विचारलं. या वेळी ती भांडत नव्हती.

"येईल," ते म्हणाले. मग मोरीवर गेले, साबणानं अंगठा धुतला, टॉवेलनं पुसला, उजेडात धरून बघितला आणि ताईची पापणी हलकेच खाली ओढली.

"चारच," ते म्हणाले, आणि त्यांचा अंगठा बराच वेळ तिच्या डोळ्याखाली तसाच राहिला.